चाकांवरच्या घराचा नकाशा

सारजाच्या टेबलासमोर तो पहिल्यांदा येऊन उभा राहिला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. साहेब जेवायला घरी गेले होते, वीज गेल्यामुळं पंखा गप्प होता आणि बाहेर भिगवण चौक श्रावणाच्या कोरड्या उन्हात नुसता पांढरा पडला होता.

"घराचा नकाशा काढून मिळंल का?"

आवाज मऊ होता, जरासा लाजलेला. सारजानं मान वर केली. पंचवीस-सव्वीसचा तरुण. खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि डाव्या भुवईवर वार्निशचा एक पिवळा थेंब वाळून बसलेला. त्या थेंबाची त्याला खबरच नसावी.

"मिळेल की. प्लॉट केवढा?"

"साडेनऊ बाय सव्वापाच."

"मीटर?"

"फूट."

सारजानं पेन्सिल खाली ठेवली. "साडेनऊ फुटांत न्हाणीघर बसतं. घर नाही."

"बसवायचं हाय. चार माणसं झोपली पायजेत, चूल पायजे, आन् एक दार सारखं उघडं ऱ्हायला पायजे."

"आणि प्लॉट आहे कुठं?"

"ह्यो काय... भाईर. लिंबाखाली लावलाय."

आपली कोणीतरी थट्टा करतंय असं वाटून ती तावातावानं उठली, खिडकीशी गेली. समोरच्या लिंबाच्या सावलीत एक जुनी मेटाडोर उभी होती. रंग उडालेली, एक दिवा फुटलेली. मागच्या काचेवर कुण्या औषध-दुकानाचं पुसट नाव अजून दिसत होतं.

सारजाला हसू आलं. आधी ओठांच्या कोपऱ्यात, मग आवरेचना.

"हसताय व्हय?" तो म्हणाला. "हसा. माझी आई तर दोन दिस हसत हुती."

सारजा पिंपळीची. बारामतीच्या आयटीआयमधून नकाशे काढायचं शिकली आणि दोन वर्षांपासून या इंजिनिअर साहेबांकडं काम करत होती. नाव आज्जीचं ठेवलेलं. शाळेत त्या जुनाट नावावरून मुली चिडवायच्या, म्हणून कोणी नाव विचारलं की ती पटकन सांगून मोकळी व्हायची. शहाण्णव सालच्या त्या दुपारीही तिनं तसंच केलं.

"मी सारजा."

"मी मल्हारी. इंदापूरला एसटी स्टँडमागं मोटर-वायंडिंगचं दुकान हाय. जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून देतो." आणि थोडं थांबून म्हणाला, "सारजा... झ्याक नाव हाय."

तिनं लगबगीनं मोजपट्टी शोधायला घेतली. ती तिच्या हातातच होती.

मेटाडोरच्या पोटात गरम पत्र्याचा आणि जुन्या औषधांचा वास कोंडला होता. पट्टीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं. मधे साडेनऊ फूट. माप लिहिता लिहिता तिनं विचारलं, "पण हे घर जाणार कुठं?"

"पुण्याला. तीन दिसांसाठी."

मग त्यानं सांगितलं. त्याचे आजोबा, बिरदेव आबा, उभा जन्म मेंढरांमागं हिंडले. दसरा झाला की त्यांचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे सगळं चालतं बिऱ्हाड. घोडीच्या पाठीवर भांडी, पोरं, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं. तसं करत पार कोकणात जायचं आणि वळवाच्या आधी परत यायचं.

"वाटंत पुणं लागायचं. पण मेंढरं घिऊन शहरात कसं शिरणार? बाजूबाजूनं काढायची. चाळीस वर्सं आबांनी पुण्याला नुसता वळसा घातला. आत काय हाय ते न्हाय बघितलं."

"मग एसटीनं न्या की त्यांना."

"न्हेलं आस्तं. पर ते लॉजवर झोपत न्हाईत, पाव्हण्याकडं झोपत न्हाईत. म्हणत्यात, आपलं बिऱ्हाड आपल्यासंगं पायजे." त्यानं पट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मेंढरं इकून सात वर्सं झाली. पण दसरा सरला की त्यांचं पाय अजून घरात ठरत न्हाईत. दारात बसून रस्त्याकडं बघत ऱ्हात्यात... मला ते बघवत न्हाय."

सारजानं वहीत रुंदी लिहिली. सव्वापाच. आणि का कोण जाणे, त्या आकड्याखाली तिनं दोनदा रेघ ओढली.

नकाशा तिनं ऑफिसचं काम संपल्यावर, रिकाम्या वेळात काढला. दोन बाजूंना दोन बाक. रात्री मधली फळी सरकवली की एक सलग पलंग व्हावा. डाव्या हाताला स्टोव्हसाठी पत्र्याचा खण. मागचं दार वर उचलून टेकू लावायचा, म्हणजे आबांना निजल्या निजल्या आभाळ दिसेल. बाजूच्या चित्रात तिनं खिडकीत एक छोटंसं रोपही काढलं. नकाशात काढतात तसं, शोभेला.

गुरुवारी तार न्यायला तो बारामतीला आला तेव्हा तिनं प्रिंट उलगडली. कागदाला अजून छपाईच्या अमोनियाचा वास येत होता. तो टेबलावर वाकून किती तरी वेळ बघत राहिला. नंतर त्यानं त्या रोपावर अलगद बोट ठेवलं.

"हे काय?"

"ते नुसतं सजावटीला. ते बांधायचं नसतं."

"बरं," तो म्हणाला.

पण काम तिथं संपलं नाही. पुढच्या गुरुवारी तो परत आला. आई म्हणते स्टोव्ह उजवीकडं पाहिजे. तिनं बदलून दिला. त्याच्या पुढच्या गुरुवारी सोबत येणाऱ्या भामाआत्याचं घोरणं निघालं. तिची झोपायची जागा आबांपासून लांब काढा, म्हणाला. मग आईला पुन्हा स्टोव्ह डावीकडं हवासा वाटला.

"तुमच्या आईंचं एकदा नक्की काय ते ठरवा," सारजा डोळे वटारून म्हणाली.

"लई चंचल हाय माझी आई," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

आणि नकाशाबरोबर सहलीचं वेळापत्रकही तिच्याकडंच आलं. दर मे महिन्यात ती पुण्याला मावशीकडं जायची, त्यामुळं शहर तिला ठाऊक होतं. तिनं आलेखाच्या कागदावर तीन दिवस आखले. दसऱ्यानंतरचा रविवार, सोमवार, मंगळवार. पहाटे किती वाजता निघायचं, सासवडला चहा, दिवे घाट उतरून किती वाजता हडपसर. गाडी रात्री कुठं उभी करायची, पाणी कुठं भरायचं, आंघोळीची सोय कुठं.

"पेशवे पार्क लिहू? आबांना वाघ दाखवा."

"आबांनी लांडगं बघितल्यात. पिंजऱ्याबाहीर."

"मग सारसबाग?"

"तितं काय असतं?"

"गणपती, तळं... आणि संध्याकाळी भेळ खात बसलेली जोडपी."

"मग ते लिवा," तो म्हणाला. "दोन घंटं लिवा."

तिनं मान खाली घालून लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

हस्ताच्या पावसात एकदा तो अडकला. आमच्याकडं पाऊस खरा येतो तो तेव्हाच, तोही असा की चौकातला पलीकडचा माणूस दिसू नये. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटलं आणि टेबलावरच्या ट्रेसिंगवर सरी आल्या. दोघांनी एकदमच हात टाकले. कागद वाचला... आणि कागदावर दोन हात तसेच राहिले. तिच्या बोटांना शाई होती, त्याच्या बोटांना तारेचे बारीक ओरखडे. ओल्या शाईची एक रेघ मात्र पसरून निळसर ढगासारखी झाली होती.

"थांबा, खोडून परत काढते."

"ऱ्हाऊ द्या," तो हळूच म्हणाला. "ती तशीच ऱ्हाऊ द्या."

पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी तो गेला नाही, आणि तिनं जा म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात घरी हिंदुरावांनी, म्हणजे सारजाच्या वडिलांनी, बातमी आणली. ते माळेगावच्या कारखान्यात बॉयलरवर होते. माणूस सरळ, पण एका गोष्टीचा अभिमान भारी. पिंपळीत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चार खोल्यांचं पक्कं घर बांधलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आधी घराचा पाया दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

"तुझ्या मावशीनं स्थळ आणलंय," ते म्हणाले. "पोरगा भोसरीला कंपनीत हाय. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. त्याला रजा न्हाय, म्हणून कार्यक्रम मावशीच्या घरी, पुण्यात. दसऱ्यानंतरच्या रविवारी."

सारजा भाकरी थापत होती. हात थांबला. दसऱ्यानंतरचा रविवार... तो तर तिनंच तासातासानं आखला होता. आणि तो फ्लॅट? तसले फ्लॅट तिनं आजवर शेकड्यानं काढले होते. दार उघडलं की डावीकडं स्वयंपाकघर, समोर खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्याची खिडकी. डोळे मिटून काढता आला असता.

"भाकर करपतीय," आई म्हणाली.

दसऱ्याला पंधरा-वीस दिवस राहिले असताना साहेबांनी तिला एका बांधकामाची मापं घ्यायला इंदापूरला पाठवलं. काम लवकर आटोपलं. परतीच्या एसटीला तास होता. पिशवीत स्टोव्ह पुन्हा डावीकडं सरकवलेली नवी प्रिंट होतीच. देऊन टाकावी, उगाच गुरुवारपर्यंत कशाला... असं स्वतःला समजावत ती स्टँडमागं गेली.

दुकानात कोणी नव्हतं. मागच्या अंगणात मात्र मेटाडोर उभी होती. ती बघून सारजाचे पाय जागच्या जागी थांबले.

गाडी पुरी झाली होती. अंगावर दुधाच्या सायीसारखा रंग, फुटका दिवा बदललेला. मागचं दार टेकूवर उचललेलं. आत दोन बाक, मधली सरकती फळी, डावीकडं स्टोव्हचा खण. सगळं तिच्या पहिल्या नकाशाप्रमाणं, इंचाइंचानं. आणि खिडकीत लोखंडी कडं ठोकून त्यात एक डबा बसवलेला. डब्यात सदाफुलीचं रोप. त्याला दोन फुलं आली होती.

"या बाई, बसा," गाडीच्या पायरीवर बसलेले म्हातारे आबा म्हणाले. पांढरं मुंडासं, गुडघ्यावर घोंगडं. "कुणाकडं आलाव?"

ती काही बोलायच्या आत घरातून मल्हारीची आई, कौसल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आली. सारजाच्या हातातली गुंडाळी बघून तिचा चेहरा फुलला. "तू बारामतीची नकाशावाली व्हय!"

"हो... तुम्हाला स्टोव्ह परत डावीकडं हवा होता ना, म्हणून..."

"मला?" कौसल्या गोंधळली. "आगं, गाडी हून तीन आठवडं झालं की. मी त्यात दोनदा च्या केला. ह्यो दर गुरवारी बारामतीला काय बदलायला जातोय, मलाच कळंना झालंय—" बोलता बोलता ती थांबली. तिच्या लक्षात आलं. पदर तोंडाला लावून ती घरात पळाली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

सारजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाव काय तुजं, पोरी?" आबांनी विचारलं.

"सारजा. पिंपळीची."

आबांनी कपाळावर हात धरून तिच्याकडं नीट बघितलं. "पिंपळीची सारजा आमच्या वाड्यात हुती. घोडीवर बिऱ्हाड लादावं तर तिनंच. एक वाटी हलायची न्हाय. तुजी कोण?"

"माझी आज्जी."

तिला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. घरात आज्जीचा एक फोटो होता. वाड्याचं, घोडीचं नाव मात्र कधी निघालं नव्हतं.

तेवढ्यात लुना फटफटली. मागं जळकी मोटर बांधून मल्हारी आला, आणि तिला बघताच लुनासकट अंगणाच्या दारातच थबकला.

ती त्याच्यापाशी गेली. "स्टोव्ह डावीकडं. मग उजवीकडं. मग परत डावीकडं."

"...डावीकडंच हाय."

"भामाआत्या घोरतात?"

"घोरती. ते खरं हाय."

"माझे इतके कागद फुकट घालवलेत तुम्ही!"

"कागद गेलं असतील," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "माझं गुरवार न्हाय फुकट गेलं."

तिला रागवायचं होतं. खूप रागवायचं ठरवलं होतं तिनं, दहा पावलं चालेपर्यंत. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं—

"त्या रविवारी मला पुण्यात बघायला येणार आहेत. भोसरीचा मुलगा आहे."

लुना बंद पडली. मल्हारीनं ती स्टँडवर लावली आणि मागच्या मोटारीची दोरी सोडू लागला. गाठ सुटेना.

"बरं," तो म्हणाला. "पुण्याला तर आमीबी निघालोय. सोडू का तुमाला?"

विनोद करायला गेला, पण आवाज मधेच तुटला. सारजा वळली आणि एसटी गाठायला तरातरा चालू लागली. एसटी यायला अजून अर्धा तास होता.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. सारजानं सगळ्या पेन्सिलींना टोक केलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला नाही. टोक करायला काही उरलं नव्हतं. लिंबाखाली एक हातगाडी लागली होती. तिथं पेरूवाला का उभा राहतो याचाच तिला राग आला.

त्या संध्याकाळी तिनं जेवणाच्या ताटावर वडिलांना सांगितलं.

"आण्णा, मला भोसरीला न्हाय जायचं."

"मग कुठं जायचंय?"

"इंदापूरला."

आईच्या हातातला डाव कढईत पडला. सगळं विचारून झाल्यावर हिंदुराव ताटावरून उठले. पोरगा आपल्यातलाच होता, धंदा बरा होता, ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. पण मेटाडोरचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

"चाकावर घर बांधणाऱ्याला पोरगी देऊ? मी जन्मभर पाया खणला तो कशासाठी? भटक्यात न्हाय द्यायची मला पोरगी!"

त्यांचा आवाज चढला, पण भिंतीवरच्या आज्जीच्या फोटोकडं त्यांनी नजर जाऊ दिली नाही. सारजानं ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती चौकातल्या एसटीडी बूथमध्ये गेली. मल्हारीच्या दुकानाशेजारच्या सायकलवाल्याकडं फोन होता. त्याला बोलावून आणेपर्यंत काचेच्या खोक्यात ती उभी राहिली, कपाळावर घाम, कानाशी रिसिव्हर.

"हॅलो...?"

"तुमच्या सहलीच्या कागदात एक चूक राहिलीय," ती एका दमात म्हणाली. "दुरुस्त करून घ्या."

 पलीकडून अगदी हळू, "कुठली चूक?"

"ती बारामतीला दुरुस्त होणार नाही. पिंपळीला या. दसऱ्याला, सोनं द्यायला. आबांना आणा, आईंना आणा. आणि गाडी घेऊन या."

"तुमचे वडील...?"

"म्हणूनच तर म्हणते, सगळे या."

दसऱ्याच्या दुपारी सायीच्या रंगाची मेटाडोर पिंपळीच्या घरासमोर येऊन थांबली. गल्लीतली माणसं दारात आली. दसऱ्याला सोनं घेऊन आलेल्या माणसाला कोणी हाकलत नाही. हिंदुरावांनी आपट्याची पानं घेतली, दिली, पण आत या म्हणाले नाहीत. ते उंबऱ्यात उभे राहिले, आणि पाहुणे अंगणात.

आबांनी जरा वाट बघितली. मग कौसल्येला म्हणाले, "सूनबाई, च्या टाक."

गाडीत स्टोव्ह पेटला. आल्याचा वास अंगणभर पसरला. पाच मिनिटांत कौसल्येनं खाली उतरून पहिली कपबशी हिंदुरावांच्याच हातात ठेवली. त्यांच्याच दारात त्यांना पाहुणचार! शेजारची बाई फस्सकन हसली. हिंदुराव काय करावं ते न कळून तशीच कपबशी धरून उभे राहिले.

"हिंदू," आबा म्हणाले, "तू पुरंदरच्या पायथ्याला जन्मलास. माळावर. थंडी अशी पडली हुती की हात वळत नव्हतं. तुजी आई सारजा दोन दिसांत उठली आन् घोडी लादून चालाया लागली. ज्या घोंगड्यात तुला गुंडाळलं ते माजं हुतं."

 सारजानं वडिलांकडं बघितलं. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत.

"पोरं दगडं मारायची," हिंदुराव म्हणाले. ते आबांशी बोलत होते की स्वतःशी, कळत नव्हतं. "गावातनं चाललो की म्हणायची, बिनघराचं आलं... म्हणून मी शपथ घेतली हुती, आबा. माजी पोर असल्या वाटंला लागायची न्हाय."

"बिनघराचं नव्हतो रं आपण," आबा म्हणाले. "घर संगं हुतं."

हिंदुरावांनी चहा संपवला. मग हळूच गाडीत चढले. बॉयलरवर काम केलेला माणूस, हात लावल्याशिवाय कसा राहणार? त्यांनी फळी सरकवून बघितली, बिजागरी वाजवून बघितली. शेवटी बाकावर आडवे झाले आणि उघड्या दारातून आभाळाकडं बघत राहिले. किती तरी वेळ ते उठलेच नाहीत. आई दारातून डोळे पुसत बघत होती.

"ह्यो नकाशा कुणी काढला?" आतून त्यांचा आवाज आला.

"मी," सारजा म्हणाली.

"आन् बांधला?"

"मी," मल्हारी म्हणाला.

"फळी दोन सूत ढिली हाय."

"घट्ट करतो."

हिंदुराव उठून बसले. "मी पुण्याच्या माणसांना शबूद दिलाय. न्हाय म्हणायचं तर तोंडावर जाऊन म्हणावं लागंल. रविवारी आमाला जावंच लागतंय."

"मग चला की," आबा म्हणाले. "आमी तिकडंच निघालोय."

अशी ती सहल निघाली. चार माणसांच्या घरात सात माणसं. पहाटे पिंपळीला गाडी यायलाच दीड तास उशीर झाला, कारण इंदापूरहून निघताना भामाआत्याला कोंबडीही घ्यायची होती आणि तिची समजूत घालता घालता उजाडलं. सासवडचा चहा जेजुरीतच झाला. सारजानं तासातासानं आखलेला कागद हडपसर यायच्या आत निकामी झाला होता. तिनं तो घडी घालून पर्समध्ये टाकला आणि खिडकीत हनुवटी टेकवून बसली. गाडी चालवता चालवता समोरच्या आरशातून कोणीतरी मागं बघत होतं. ती बघायची तेव्हा तो रस्त्याकडं बघायचा.

मावशी आधी फुगली. भोसरीच्या मुलाच्या वडिलांनी मात्र हिंदुरावांचा हात धरला. "लोक निरोपसुद्धा धाडत नाहीत, तुम्ही स्वतः आलात," म्हणाले. मुलगा तर गाडीच्या आत-बाहेर तीनदा जाऊन आला आणि पाण्याची टाकी कुठून भरता, असं विचारत राहिला. सगळे मिळून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुठेवरचा पूल पायी ओलांडताना आबा मधेच थांबले. खालून पाणी, वरून गाड्या. स्कूटर, लुना, रिक्षा, सायकली, डबल डेकर बस. सगळ्या एकाच दिशेनं, खूर आपटत धावल्यासारख्या. आबांनी काठी कठड्याला टेकवली आणि तिथंच फुटपाथवर बैठक मारली.

"केवढा हा कळप," ते हरखून म्हणाले. आणि सवयीनं त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन...

बाकीची मंडळी पुलापलीकडं बांगड्यांच्या दुकानात शिरली. आबांपाशी कोणीतरी थांबायला हवं होतं. मल्हारी थांबला. आणि सारजाही.

नदीवरून वारा येत होता, ऊन अजून कोवळं होतं. दोघं कठड्याला टेकून उभी होती. मधे हातभर जागा.

"सगळ्यांचं सगळं ठरलं," सारजा पाण्याकडं बघत म्हणाली. "आण्णांनी साखरपुड्याची तिथी काढली. आईनं साडी बघितली. भामाआत्यांनी मानपान काढला."

"व्हय."

"एका माणसानं मात्र मला अजून काहीच विचारलेलं नाही."

 मल्हारी कठड्यावरचे चुन्याचे पापुद्रे नखानं उकरू लागला. "मला... मोटारीतलं कळतं. माणसांशी बोलायचं म्हटलं की—"

"गुरुवारी बरं बोलायला यायचं. स्टोव्हवर तासभर."

"स्टोव्हवर सोपं असतं."

"मग स्टोव्ह समजा मला."

तो हसला. मग हसू मावळलं, आणि त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. आरशातून नाही, नकाशावरून नाही.

"सारजा... तू मला आवडतीस. त्या पहिल्या दुपारपासनं. खिडकीपाशी जाऊन हसलीस ना, तवापासनं. तू येशील माझ्या घरी?"

सारजाच्या काळजात काहीतरी अलगद उलगडलं. ते शब्द तिनं आधी जिथल्या तिथं नीट बसू दिले.

"'तू' म्हणालास मला," ती म्हणाली.

"चुकलं?"

"न्हाय... मीबी म्हणाले की आत्ता. बघ, 'म्हणालास' म्हणाले." आणि मग मान वळवून, अगदी त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू, "येईन."

मधली हातभर जागा कधी संपली, कोणाच्याच ध्यानात आलं नाही. कठड्यावर शाईची बोटं होती, तारेच्या ओरखड्यांची बोटं होती, आणि आता ती कोणाची कुठली ते सांगणं अवघड होतं.

"हात् तिच्या!" आबा मागून वैतागून ओरडले. "तीनशे बारावर हुतो. तुमच्या कुजबुजीत मोजणी चुकली की रं माजी!"

सारजा खळखळून हसली. तिनं हात सोडवला नाही.

"मग पहिल्यापासनं मोजा, आबा," ती म्हणाली. "आमाला घाई न्हाय."